एकाच मांडीचा प्रवास

परदेशगमन ही गोष्ट आतां आमच्या घरांतून नवलाची राहिलेली नाहीं. पूर्वीं एखादा मुलगा विलायतेस निघाला कीं सबंध आळींत पेढे वाटीत. हल्लीं ज्या घरांतील कोणीच बाहेर नाहीं, त्या घराकडे लोक किंचित् काळजीनेंच पाहतात. तथापि 'सून एकटीच जाणार, आणि बरोबर वीस महिन्यांचें मूल' एवढें वाक्य उच्चारलें कीं अद्यापिहि भरलें घर क्षणभर स्तब्ध होतें.

गेल्या माघांत आमच्या थोरल्या बंधूंच्या घरीं हाच प्रसंग आला. त्यांचे धाकटे चिरंजीव जर्मनींतील श्टुटगार्ट येथें अभियंता आहेत. (हें शहर व आमची मुंबई यांचें भगिनीनातें १९६८ पासूनचें आहे, परंतु तिकिटांत सूट मिळविण्याच्या कामीं त्या नात्याचा उपयोग होत नाहीं.) सूनबाईचा व नातवाचा व्हिसा हातीं पडला, आणि चिरंजिवांना मात्र न्यावयास येण्याइतकी रजा मिळेना. रात्रीं जेवणें आटोपल्यावर बैठक बसली. बंधूंचें म्हणणें, रजा मिळेपर्यंत थांबावें. आपल्या घरांत असें कोणी कधीं गेलेलें नाहीं. वहिनींचें म्हणणें, आपण दोघांपैकीं कोणीतरी पोंचवून यावें. आमच्या आत्याबाई नव्वदीच्या घरांत आहेत. त्यांनीं एकच प्रश्न विचारला, आणि तो सर्वांत मार्मिक होता: "पोरीला स्वतःला मोरीवर जायचें झालें, तर मूल धरणार कोण?" त्यावर कोणापाशींच उत्तर नव्हतें. शेवटीं सूनबाई म्हणाली, "काका, तुम्हीच सांगा. मला जायचें आहे. पण सगळ्यांनीं रडत रडत पाठवूं नका."

आमचें मत 'जावें' असें पडलें. हाच प्रश्न आज वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं उभा असेल, म्हणून त्या मतामागचा विचार येथें थोड्या विस्तारानें मांडीत आहों.

प्रथम बंधूंच्या आक्षेपाविषयीं. आपल्यांत असें कोणी गेलें नाहीं, हें खरें नव्हे. १८८३ च्या एप्रिलांत पंडिता रमाबाई मुंबईहून इंग्लंडला निघाल्या, तेव्हां त्यांच्या कडेवर मनोरमा होती. ती १८८१ च्या एप्रिलांत जन्मलेली, म्हणजे जेमतेम दोन वर्षांची. पति बिपिन बिहारी मेधावी यांना जाऊन वर्ष उलटलें होतें. माहेर म्हणावें तर आईबाप दुष्काळांत कधींच गेलेले, आणि भाऊहि उरला नव्हता. 'स्त्रीधर्मनीति' हें पुस्तक लिहून विकलें व त्याच्या पैशांतून प्रवासाची सोय केली. बरोबर आनंदीबाई भगत या एक बाई होत्या, एवढाच आधार. पुढें १८८६ च्या फेब्रुवारींत याच रमाबाई मनोरमेला घेऊन इंग्लंडहून अमेरिकेस गेल्या, आणि ११ मार्च रोजीं फिलाडेल्फियास आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास उपस्थित राहिल्या. तेव्हां मुलगी पांच वर्षांचीहि नव्हती. त्यांच्या धर्मांतराविषयीं वाचकांचीं मतें कांहींहि असोत. आगबोटीवर जवळजवळ महिनाभर दोन वर्षांच्या मुलीला सांभाळणें हें काम कोणत्याहि धर्मांत सारखेंच अवघड आहे. आणि आज प्रश्न आहे तो नऊ तासांच्या विमानाचा. हें ऐकून बंधू गप्प राहिले, पण त्यांचें समाधान झालें नाहीं, हें आम्हांस दिसत होतें. उदाहरणानें धीर येतो, व्यवस्था होत नाहीं. म्हणून व्यवस्थेकडे वळतों.

या प्रवासांतील मुख्य अडचण विमानांत नाहीं, आमच्या घरांत आहे. आमच्यासारख्या घरांतील मूल एका मांडीवर वाढतच नाहीं. सकाळीं तें आजोबांच्या वर्तमानपत्रावर बसतें. न्हाऊं घालणें आजीकडे, मऊ भात भरविणें आत्याबाईंकडे. चुलतबहिणी शाळेंतून आल्या कीं दिवेलागणीपर्यंत त्यांच्या कडेवर. आणि आईच्या वाट्याला तें बहुधा पेंगुळलेलें असेंच येतें. हें भाग्य थोर आहे, यांत शंका नाहीं. परंतु त्याची दुसरी बाजू अशी कीं, त्या आईला त्या मुलासह सहा तासहि सलग एकटीनें राहण्याचा प्रसंग आलेला नसतो, आणि मुलालाहि नसतो. आतां हिशेब करा. संध्याकाळीं सातला पुण्याहून मोटार. विमानाच्या वेळेपूर्वीं तीन तास विमानतळावर. मध्यरात्रीनंतर सुटणारें विमान, तें फ्रांकफुर्टला पोंचेपर्यंत सुमारें नऊ तास. तेथें पासपोर्ट, सामान, आणि पुढें सवातासाची आगगाडी. घरापासून घरापर्यंत वीस-एकवीस तास होतात. इतका वेळ दहा मांड्यांचें मूल एकाच मांडीवर राहावयाचें आहे, आणि उरलेल्या नऊ मांड्या कोठें गेल्या हें त्याला कोणी समजावून सांगूं शकत नाहीं. मूल विमानाला भितें असें लोक म्हणतात. आमच्या मतें तें घराला शोधतें.

म्हणून आम्हीं सुचविलें कीं, निघण्यापूर्वीं तीन आठवडे घरानेंच आपले हात आंखडते घ्यावे. एक दिवसाआड माडीवरची खोली मायलेकरांना द्यावी आणि दुपारच्या जेवणापासून रात्रीपर्यंत कोणीहि वर जाऊं नये. पहिल्या दिवशीं मुलानें हंबरडा फोडला, तेव्हां वहिनी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन बसल्या; वर गेल्या नाहींत, हें त्यांचें उपकार. तिसऱ्या खेपेस आवाज अर्ध्या तासांत थांबला. दुसऱ्या आठवड्यांत सूनबाईनें पाठीवर एक पिशवी, पोटाशीं झोळींत मूल अशी लोणावळ्याची लोकल गांठली, आणि तेथें चिक्की न घेतां परत आली. स्टेशनावर पोंचवावयास कोणी जावयाचें नाहीं, हें आधींच ठरलें होतें. त्या एका खेपेंत तिला जें समजलें तें दहा पुस्तकांतून समजलें नसतें: पिशवींतल्या सोळा जिनसांपैकीं अकरा तशाच परत आल्या होत्या.

कागदपत्रांचें प्रकरण थोडक्यांत. पूर्वीं आईबापांच्या पासपोर्टांत मुलाचें नांव लिहीत. आतां तान्ह्या मुलालाहि स्वतंत्र पासपोर्ट लागतो, आणि तो पांच वर्षांपुरताच असतो. अर्जाबरोबर आईबाप दोघांच्या सहीचें प्रतिज्ञापत्र द्यावें लागतें. चार वर्षांखालील मुलाचें पांढऱ्या पार्श्वभूमीवरील छायाचित्र घरूनच न्यावें लागतें; त्यासाठीं एक धुतलेली चादर, एक खुळखुळा व भरपूर धीर एवढें साहित्य हवें. एकट्या आईनें मुलास घेऊन सीमा ओलांडावयाची, तर बापाचें संमतिपत्र इंग्रजींत टंकलिखित करून, सही व पासपोर्टाची नक्कल जोडून, जवळ ठेवावें. प्रत्येक ठिकाणीं तें मागतीलच असें नाहीं. पण मागितलें आणि नसलें, तर रात्रीं दोन वाजतां तें कोठून आणणार? मुलाच्या जन्माचा दाखला व लस टोंचल्याची पुस्तिकाहि हातांतील पिशवींतच असावी. जर्मनींत १ मार्च २०२० पासून बालकमंदिरांत प्रवेश घेणाऱ्या, वर्षावरील मुलास गोवराची लस टोंचल्याचा पुरावा द्यावा लागतो, म्हणून ही पुस्तिका तेथें गेल्यावरहि उपयोगी पडते.

बापाचेंच पत्र कां, असा प्रश्न घरांतील एका पुतणीनें थोड्या फणकाऱ्यानें केला. प्रश्न रास्त आहे. १९५६ च्या हिंदु अज्ञानत्व व पालकत्व कायद्यांत पांच वर्षांखालील मूल सामान्यतः आईच्या ताब्यांत असावें असें म्हटलें आहे खरें. परंतु नैसर्गिक पालक कोण, तर बाप, आणि 'त्याच्या मागून' आई. हें 'मागून' म्हणजे बापाच्या मृत्यूनंतर कीं काय, यावर १९९९ मध्यें गीता हरिहरन यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, बाप मुलाच्या सांभाळांत कोणत्याहि कारणानें नसला, तर तो जिवंत असतांनाहि आई पालक ठरते. एका अव्ययाच्या अर्थावर देशाचें सर्वोच्च न्यायालय विचार करीत बसलें, याचें आमच्यासारख्या व्याकरण शिकविण्यांत जन्म घालविलेल्या माणसास फार समाधान वाटलें. पुतणीला आम्हीं इतकेंच सांगितलें कीं, मूल घेऊन बाप एकटा निघाला तर आईचें पत्र त्यानेंहि जवळ ठेवणेंच शहाणपणाचें.

आतां तिकीट, आणि येथें आमचा व बंधूंचा सरळ वाद झाला. दोन वर्षांखालील मुलास स्वतंत्र आसन न घेतल्यास आंतरराष्ट्रीय विमानांत साधारण मोठ्या तिकिटाच्या दहाव्या हिश्श्यांत नेतां येतें. मूल मांडीवर, आणि आईच्या पट्ट्याला जोडलेला एक छोटा पट्टा त्याच्या कमरेभोंवतीं. बंधू म्हणाले, "मांडीवर बसणाऱ्या मुलाला पाऊण तिकीट कशाला?" विमानांत पुढच्या भिंतीला अडकवावयाचा पाळणा मिळतो, असेंहि त्यांनीं कोठें ऐकलें होतें. पाळणा मिळतो ही गोष्ट खरी, पण तो तान्ह्या मुलांचा. त्याला वजनाची व लांबीची मर्यादा असते, आणि वीस महिन्यांचें धष्टपुष्ट मूल त्यांतून पाय बाहेर काढून उभें राहतें. अमेरिकेच्या विमान-खात्याचें सांगणें तर असें आहे कीं, हवेंतील धक्क्यांत मूल हातांत धरून ठेवणें आईला शक्य होईलच असें नाहीं; मुलाला स्वतःचें आसन व त्याच्या मापाची मान्य खुर्ची असणें हेंच सर्वांत निर्धोक. शेवटीं वहिनींनीं आपल्या भिशीचे पैसे पुढें केले व आसन घेतलें गेलें. ज्यांना तें परवडत नाहीं त्यांनीं निदान जागा निवडतांना रिकाम्या आसनाची शक्यता विचारावी, आणि एक गोष्ट अवश्य ध्यानांत ठेवावी: मुलास दोन वर्षें परदेशांतच पूर्ण झालीं, तर परतीच्या वाटेवर त्याला आसन घ्यावेंच लागतें. जातांना मांडीवर गेलेलें मूल येतांना प्रवासी होतें.

आखाती शहरांत विमान बदलून गेल्यास तिकीट स्वस्त पडतें. एकट्या माणसानें तसें खुशाल जावें. पण झोंपलेलें मूल, मध्यरात्र, दुसरी तपासणी आणि मैलभर लांबीचा विमानतळ, हें सगळें वाचलेल्या पैशांतून वजा करून पाहावें. आम्हीं थेट विमानाच्या बाजूनें मत दिलें.

सामान हा आमच्या घरांतला सर्वांत नाजूक विषय. प्रेम व्यक्त करावयाचें तें डब्यांतून, अशी आपली रीत आहे. बंधूंच्या घरीं आठ दिवस आधींपासून ओटीवर डबे मांडले जाऊं लागले. वहिनींनीं दोन किलो साजूक तूप कढवून ठेवलें होतें. येथें आम्हांस अप्रिय होऊन सांगावें लागलें कीं, युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशास दुधाचे व मांसाचे पदार्थ बरोबर आणण्यास मनाई आहे. पेढे, बर्फी, खवा आणि तूप, सर्व त्यांतच. सवलत आहे ती लहान मुलांच्या दुधाच्या भुकटीला: कंपनीच्या बंद डब्यांत, शीतपेटीची गरज नसलेली, दोन किलोपर्यंत. ताज्या फळांनाहि २०१९ च्या डिसेंबरपासून सरकारी रोगमुक्ततेचा दाखला लागतो. त्यांतून पांच फळें सुटलीं आहेत: अननस, नारळ, ड्यूरियन, केळें व खजूर. म्हणजे आमचा हापूस गेला. परंतु प्रवासांत लहान मुलाला देण्याजोगें सर्वांत उत्तम फळ जें केळें, तें राहिलें. नारळ चालतो म्हणून कोणी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या भरूं लागेल, तर तेंहि नको. खोबऱ्यांतील तेलामुळें तें पेट घेऊं शकतें, म्हणून मार्च २०२२ पासून आपल्याकडे विमानाच्या पोटांत जाणाऱ्या सामानांत सुकें खोबरें ठेवूं देत नाहींत. मेतकूट, नाचणीचें सत्त्व, बिनतुपाचे राजगिऱ्याचे लाडू व कुरमुरे एवढ्यावर तडजोड झाली. तूप आम्हीं सर्वांनीं मिळून खाल्लें.

परंतु नियमांहूनहि मोठें कारण निराळें होतें. मूल बरोबर असलें कीं आईला दोन हात नसतात, एकच असतो. आणि तो एक हात मोकळा राहिला पाहिजे. आपण प्रेमानें दिलेली प्रत्येक बरणी त्या हातांत जाऊन बसते. एक मोठी पेटी, ती विमानाच्या पोटांत; पाठीवर एकच पिशवी; छातीशीं झोळी; आणि घडीची बाबागाडी, जी बहुतेक कंपन्या विमानाच्या दारापर्यंत वापरूं देतात. पिशवींत मुलाचे दोन व आईचा एक कपड्यांचा जोड. आईचा जोड सगळ्या बायका विसरतात, आणि मूल ओकतें तें आईच्याच अंगावर. दर तासाला एक या हिशेबानें डायपर, वर थोडे अधिक. तपासणीच्या जागीं पाणी व पातळ पदार्थ शंभर मिलिलिटरपेक्षां अधिक नेतां येत नाहींत. बरोबर असलेल्या लहान मुलाचें दूध व खाणें, प्रवासास लागेल तेवढें, या नियमांतून वगळलेलें आहे. तें आपण होऊन बाहेर काढून दाखवावें. बाबागाडी तेथें घडी करून यंत्रांतून सोडावी लागते व मूल हातांत घ्यावें लागतें, याचाहि आधीं घरीं सराव असावा.

विमानांतील मुलांच्या रडण्याचें एक कारण शरीराचें आहे, आणि तें समजून घेण्यासारखें आहे. आंतील हवेचा दाब समुद्रसपाटीचा नसतो; सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा तेवढा तो ठेवितात. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनहि वर, साधारण शिमल्यास बसल्यासारखें. विमान उतरूं लागलें कीं बाहेरचा दाब वाढतो. कान व घसा यांना जोडणारी नळी लहान मुलांत अरुंद असते, ती लवकर उघडत नाहीं, आणि कानाचा पडदा दुखूं लागतो. गिळलें कीं ती नळी उघडते. म्हणून दुधाचा शेवटचा पेला उतरण्याच्या आधींच्या अर्ध्या तासासाठीं राखून ठेवावा. सर्दीनें नाक चोंदलें असेल, तर निघण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें. आंतली हवा फार कोरडी असते, त्यामुळें घोटघोट पाणी दोघांनींहि पीत राहावें.

'झोंपेचें कांहींतरी द्या' असा सल्ला घरोघरीं मिळतो. एकेकाळीं मुंबईच्या गिरण्यांतून काम करणाऱ्या आया मुलांना अफूची बाळगोळी देऊन कामावर जात. त्यांच्यापुढें दुसरा मार्ग नव्हता. आमच्या सुशिक्षित घरांतून सर्दीच्या औषधाचा चमचा त्याच हेतूनें पुढें केला जातो, तो मात्र क्षम्य नाहीं. बालरोगतज्ज्ञ असा सल्ला देत नाहींत, आणि अशा औषधानें कांहीं मुलें झोंपण्याऐवजीं उलट अधिकच बिथरतात.

आतां आत्याबाईंचा प्रश्न. विमानांतील मोरी म्हणजे देवघरापेक्षां लहान जागा. मुलाचे कपडे बदलण्यासाठीं कांहीं मोऱ्यांत भिंतीला घडीची फळी असते, एवढीच सोय. आईनें झोळींत मूल बांधूनच आंत जावें, हा एक मार्ग. दुसरा, विमानसेविकेस सांगावें. त्या पुष्कळदा धरतात, पण तें त्यांचें नेमलेलें काम नव्हे. तिसरा मार्ग शेजाऱ्याचा, आणि येथेंच आमच्या घरांतील मुली अडतात. त्यांना मागण्याची संवय नसते. घरांत पुष्कळशा गोष्टी न मागतांच मिळतात, आणि कांहीं मागूनहि मिळत नाहींत. दोहोंमुळें जीभ सारखीच जड होते. परक्या माणसास "पांच मिनिटें याला धरतां कां?" असें इंग्रजींत विचारण्याचा सूनबाईनें माडीवर मोठ्यानें सराव केला होता, त्याला पुतण्या हंसल्या. विमानांत तिच्या रांगेंत पलीकडे एक केरळी परिचारिका होती. केरळांतील पुष्कळ मुली जर्मनींत रुग्णसेवेस आहेत, ही त्यांपैकींच एक, रजेवरून परत चाललेली. सूनबाईनें तिला विमान सुटण्यापूर्वींच आपलें नांव सांगितलें, मुलाचें सांगितलें, आणि प्रश्न विचारून टाकला. पांच मिनिटांची मागणी होती. नंतर पहाटेस त्या बाईनें होऊन मूल घेतलें, आणि सूनबाईला चाळीस मिनिटें झोंप मिळाली. आत्याबाईंना हें कळलें तेव्हां त्यांनीं त्या परिचारिकेची जात विचारली नाहीं; तिला मूलबाळ आहे का, तें विचारलें.

चिरंजिवांना फ्रांकफुर्टच्या विमानतळावर येतां आलें, म्हणून पुढचा प्रवास सोपा झाला. ज्यांना एकट्यानेंच आगगाडी गांठावयाची आहे त्यांच्यासाठीं दोन गोष्टी. तेथील दूर पल्ल्याच्या जलद गाड्यांत लहान मुलांच्या कुटुंबांसाठीं निराळा खण असतो. त्यांत जागा आधीं राखून ठेवावी. सहा वर्षांखालील मुलास तिकीट लागत नाहीं. आणि तेथील सुमारें शंभर स्टेशनांवर 'बानहोफमिसिओन' नांवाची धर्मादाय सेवा आहे. खेड्यांतून शहरांत कामासाठीं एकट्या येणाऱ्या तरुण मुलींना स्टेशनावर कोणी फसवूं नये म्हणून १८९४ मध्यें बर्लिन येथें ती सुरू झाली. आज ती कोणाहि प्रवाशाला, विशेषतः म्हाताऱ्यांना, अपंगांना व मुलें बरोबर असलेल्यांना, गाडी बदलतांना हात देते. आधीं कळविलें तर माणूस फलाटावर उभा असतो, आणि पैसे पडत नाहींत.

पोंचल्यानंतरचा पहिला आठवडा आईला प्रवासाहूनहि जड जातो, ही गोष्ट मात्र कोणी सांगत नाहीं. जर्मनीचें घड्याळ आपल्यामागें हिंवाळ्यांत साडेचार व उन्हाळ्यांत साडेतीन तास असतें. मुलाचें पोट मात्र पुण्याच्याच घड्याळावर चालतें. मूल तेथील रात्रीं तीन वाजतां टक्क जागें होऊन खेळूं लागतें. बापाला सकाळीं कामावर जावयाचें असतें, शेजारी भिंतीपलीकडे झोंपलेले असतात, आणि आई वीस तासांच्या प्रवासानें मोडलेली असते. तेथें तीन वाजतात तेव्हां आपल्याकडे साडेसहा-साडेसात झालेले असतात. वहिनींचा चहा झालेला असतो आणि आत्याबाई तर केव्हांच्या उठून बसलेल्या असतात. म्हणून बंधूंच्या घरीं असें ठरलें कीं, पहिले आठ दिवस दुपारीं व रात्रीं कोणीहि फोन करून 'जेवलीस का, पोंचलें का' असें विचारावयाचें नाहीं. फोन एकच, तोहि सकाळीं, आणि तो तिकडूनच यावयाचा. सूनबाई फोन उशीला टेंकवून मुलापुढें उभा करते व स्वतः पाठ टेंकते. इकडे आत्याबाई, वहिनी आणि शाळेला निघालेल्या दोघी पुतण्या आळीपाळीनें त्या काचेपुढें बसून काऊचिऊ करतात. बंधू वर्तमानपत्र उलटें धरून फडफडवितात, तें मुलाला ओळखूं येतें.